दहा मिनिटांनी पूर्ववत

“निळी आधी काढू की पिवळी?” मुलीने स्टुलावरून विचारलं.

आई वॉकर ढकलत चपलांच्या कपाटापाशी आली, सावकाश वळली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वी तिच्या खुब्यात तीन स्क्रू बसवले होते. अशा बाईला धरून बाजूला करता येत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

“सरक ना, आई.”

“नाही सरकत.”

मुलीच्या हातात कंपनीचा नवा राउटर होता. पांढरा, साबणाच्या वडीएवढा, झाकण नाही, स्क्रू नाही. वायर लावली की चालू. त्याच्या आत बघण्यासारखं काही नव्हतं आणि हात घालण्यासारखंही काही नव्हतं. म्हणूनच तिने तो आणला होता.

कपाटावर जे होतं त्याला घरात डबा म्हणत. तो एक जुना संगणक होता, हॉस्पिटलने मोडीत काढलेला, झाकण एका बाजूला वाकलेलं. बाहेरून आलेली निळी वायर त्याच्या एका कानात शिरायची आणि घरात जाणारी पिवळी दुसऱ्या कानातून निघायची. जगातून घरात आणि घरातून जगात जे काही जायचं ते आधी डब्याला विचारून. चौदा वर्षं झाली. बाजारातले बंद राउटर मुलीच्या बापाला पटत नसत. आत काय चाललंय ते दिसत नाही अशा वस्तूच्या हातात घराची कडी कशी द्यायची, असं त्याचं म्हणणं. त्याने त्यावर लिनक्स नावाची, आतून बघता येणारी प्रणाली घातली आणि कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही याचे नियम एकेक करून स्वतः लिहिले.

मुलीची रजा परवा संपत होती. ती पुन्हा एकदा तेच म्हणाली, जे ती आठवडाभर म्हणत होती: बाबा काहीतरी टाइप करतात, घराचं नेट बंद पडतं, या तळमजल्यावर फोनला रेंज नाही, तू हाक मारलीस तरी कोणाला कळत नाही.

“आणि डबा नेलास तर ते दिवसभर करतील काय?”

“डबा ठेवला तर पुढच्या वेळी तू सापडेपर्यंत उशीर झालेला असेल.” हे मुलगी अगदी हळू म्हणाली, कारण आतल्या खोलीतून कीबोर्डचा आवाज येत होता.

*

कपाटाच्या खालच्या कप्प्यात, बुटांच्या पॉलिशशेजारी, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नियमांची छापील प्रत होती. वर्षातून एकदा मुलीचा बाप ती छापून ठेवायचा. नियम आईला कळत नसत. पण प्रत्येक नियमाच्या डोक्यावर # असं चिन्ह टाकून एक ओळ लिहिलेली असे, आणि ती मराठीत असे; मुलीचं नाव त्यांत ठमी.

# हे चिन्ह असलेली ओळ यंत्र वाचत नाही. ती माणसासाठी आहे. पुढे जो कोणी हे उघडेल त्याने आधी टिपा वाचाव्यात, मग शिव्या द्याव्यात.

# ‘स्वयंपाकघर’ (हिचा फोन): सगळीकडे मुभा.

# वरील नावास हरकत आली. नाव बदलून ‘मुख्यालय’ केले.

# ठमीचा लॅपटॉप: बारावी संपेपर्यंत व्हिडिओ बंद. मागणी: ठमीची आई.

# वरील नियम दुपारी चार ते पाच शिथिल. मागणी: ठमी. आईस कळवू नये.

# माईचा टॅब: जुनी गाणी, सकाळी सहापासून.

# माई गेली. नियम असू द्या. जागा खात नाही.

# ठमी परगावी. तिला बाहेरून घरात यायला एक दार उघडले. किल्ली तिच्याकडे. हे दार कोणत्याही कारणाने बंद करू नये.

शेवटच्या ओळीखाली त्याने पेनाने दोन रेघा मारल्या होत्या.

*

तो हॉस्पिटलात आधी वायरमन होता आणि ती टेलिफोन ऑपरेटर. मुख्य दाराजवळ काचेची खोली, समोर बोर्ड, कानाला हेडफोन, आणि दिवसभर एकच आवाज: लाईन व्यस्त आहे, डॉक्टर राउंडवर आहेत, थोड्या वेळाने करा. मग एके दिवशी तो शिडी आणि वायरचं भेंडोळं घेऊन आला आणि आठवड्याभरात त्याने आपोआप चालणारं एक्स्चेंज बसवलं. तिचा बोर्ड गेला. तिला रेकॉर्डच्या खोलीत टाकलं. सहा महिन्यांनी त्याने तिला लग्नाचं विचारलं.

“माझी खुर्ची खाल्ली आणि नुकसानभरपाई म्हणून स्वतःला दिलं,” असं ती पाहुण्यांना सांगायची.

“भरपाई कमी पडली असेल तर अर्ज करावा,” असं तो म्हणायचा.

पुढे संगणक आले. तो शिकला. तळघरात धुलाईच्या यंत्रांशेजारी त्याला खोली मिळाली, आणि तिथे बसून त्याने सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या नेटवर्कची दारं सांभाळली. आपण वॉचमन आहोत, फक्त आपल्याला युनिफॉर्म नाही, असं तो सांगे. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. त्याला बढती मिळाली नाही, त्याने मागितलीही नाही. निवृत्तीच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते पाच मिनिटं पुढे जायचं, आणि ते त्याने कधी दुरुस्त केलं नाही.

एक चूक मात्र तो हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःहून सांगायचा. सुरुवातीच्या काळात एका सुट्टीच्या सकाळी त्याने घरी बसून हॉस्पिटलच्या संगणकाचे नियम बदलले होते. सगळं बंद करायची ओळ त्याने आधी लिहिली. स्वतःला आत घ्यायची ओळ त्यानंतर लिहायची होती. पण पहिली ओळ लागू झाली त्या क्षणी तो स्वतःच बाहेर होता. किल्ली आत आणि मालक अंगणात. स्लिपरवर, सायकल मारत तो हॉस्पिटलला पोचेपर्यंत सव्वा तास अपघात विभागातला एकही संगणक चालत नव्हता.

तेव्हापासून त्याचे दोन नेम होते. आधी उघडायची ओळ, मग बंद करायची. आणि कुठलाही नियम लागू करण्याआधी टायमर. यंत्राला सांगून ठेवायचं: दहा मिनिटांत मी ‘हो’ म्हणालो नाही तर मी चुकलोय असं समज आणि सगळं पूर्ववत कर.

*

तिची वही. कंपनीकडे तक्रार करायची म्हणून ती लिहायला लागली होती.

सोमवार. नेट गेलं ११.१०. आलं ११.२०.

गुरुवार. ४.०५ ते ४.१५. ठमीशी बोलताना मधेच तुटलं. ती म्हणते तुमच्याकडचाच प्रॉब्लेम.

शनिवार. १०.४०. आलं १०.५०.

रविवार. दोनदा.

कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली, आमच्याकडून लाईन व्यवस्थित आहे. मी तिला म्हटलं, बाई, हे वाक्य मी तुझ्या जन्माच्या आधीपासून लोकांना सांगत आलेय.

मंगळवार. १२.०० ते १२.१०. यांना विचारलं. म्हणाले, नेट कुठे गेलंय.

अशी चार महिन्यांत सव्वीस पानं झाली. नेट कधी आठ मिनिटं गेलं नाही, कधी बारा गेलं नाही. वहीभर तिच्याच हाताने लिहिलेलं असूनही हे तिच्या लक्षात आलं नाही. माणूस आपल्या तक्रारीची वही वाचत नाही, नुसती लिहितो.

त्याच सुमारास तो इतर गोष्टी विसरू लागला होता. चष्मा, शेजाऱ्यांची नावं, आंघोळ झाली की व्हायची आहे. डॉक्टरांनी एका कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. त्याने काढलं, पण सगळे आकडे एका बाजूला गेले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि दिवसाची ठरावीक वेळ पाळायला सांगितली. सकाळी दहा ते बारा तो जवळजवळ पूर्वीसारखा असे. त्या वेळी तो आतल्या खोलीत आपल्या संगणकासमोर बसे आणि तिथून डब्यात शिरे. तो बसला की तिला बरं वाटे. तिथून येणारा टकटक आवाज कानावर घेत ती भाजी चिरी.

*

एका दिवशी ती टकटक थांबल्यावर काय झालं, ते वहीत नाही.

त्या दिवशी नेट बाराच्या सुमाराला गेलं. ती दहा मिनिटं थांबली. मग आणखी दहा. मग तिने वहीत फक्त ‘१२.०५ ते’ एवढं लिहिलं, कपडे भिजवायला न्हाणीघरात गेली आणि पाय सटकून पडली.

मुलीने तिच्या हाताला एक पट्टा बांधून दिला होता. पडलीस तर बटण दाब, माझ्या फोनवर घंटा वाजेल. तिने बटण दाबलं. पट्ट्यावरचा दिवा लाल झाला, फिरत राहिला, विझला. ती पुन्हा पुन्हा दाबत राहिली. त्याला हाका मारल्या. तो आला. दारात उभा राहून त्याने तिच्याकडे नीट बघितलं, आत गेला, आणि स्टूल घेऊन आला. तिला वाटलं, आता आधार देऊन बसवेल. त्याने ते दाराबाहेर ठेवलं आणि त्यावर बसला.

“तक्रार नोंदवली आहे,” तो म्हणाला. “काम चालू आहे. थोडा धीर धरा.”

तो चार तास बसला. मधून मधून उठून आत जाऊन बघून यायचा आणि सांगायचा की यादीत काही अनोळखी यंत्रं दिसत होती, म्हणून सुरक्षेसाठी सगळं बंद करावं लागलंय. मुख्यालय म्हणून कोणीतरी आहे, ते कोण ते कळत नाही. तिने त्याला शेजारच्या शिंपीणबाईला बोलवायला सांगितलं. तो हो म्हणाला आणि बसून राहिला. पाण्याचा नळ ठिबकत होता तो मात्र त्याने उठून बंद केला, आणि ती गारठली म्हणून तिच्या अंगावर आपला स्वेटर टाकला. चार तासांत तो एकदाही चिडला नाही, एकदाही उठून निघून गेला नाही. हे ती पुढे सगळ्यांना सांगे. लोकांना ते ऐकून तिची दया यायची, आणि तिला ती नको असायची.

साडेचार वाजता शिंपीणबाई ब्लाउज द्यायला आली.

*

हॉस्पिटलात तिला बघायला जी आली ती आता संगणक विभागाची प्रमुख होती. त्याच्याच हाताखाली शिकलेली. खाटेशेजारी बसून तिने वेळ जावा म्हणून वही चाळली आणि आधी हसली. “काकू, प्रत्येक वेळी दहाच मिनिटं?” मग तिचं हसू थांबलं. ती मागची पानं बघत गेली, पुढची बघत गेली.

तिने समजावून सांगितलं ते असं. सर चार महिने घर बंद करत होते. यादीत काही अनोळखी दिसलं की बंद. पण बोटांना सवय होती. डोकं विसरलं तरी बोटं प्रत्येक वेळी आधी टायमर लावत होती. मग सर ‘हो’ म्हणायला विसरायचे, आणि दहा मिनिटांनी डबा घर परत उघडायचा.

“आणि त्या दिवशी?”

प्रमुखबाईंनी वही मिटून उशीजवळ ठेवली. त्या दिवशी बोटंही विसरली होती.

*

तर आता कपाटाला पाठ लावून उभी असलेली आई आणि स्टुलावरून खाली उतरलेली मुलगी.

त्या दिवसानंतर डबा बंद करून पुन्हा चालू केल्यावर जुने नियम परत आले होते, पण तो कायमचा उपाय नव्हता. नवा राउटर नको असेल तर एकच रस्ता होता, आणि तो प्रमुखबाईंनी सांगून ठेवला होता: डबा राहू दे, नियम राहू देत, पण सरांच्या संगणकाला डब्यात शिरता येऊ नये. त्यांना बाहेरचं सगळं दिसेल, बातम्या, फोटो, काय हवं ते. फक्त डब्याचं दार त्यांच्यासाठी बंद. त्यासाठी पासवर्ड लागतो. तो कुठेही लिहिलेला नव्हता. त्याला विचारला तर त्याला सांगता येत नव्हता. एक दिवस मुलीने वेगवेगळ्या प्रकारे विचारून पाहिला, तो ओशाळला आणि दिवसभर जेवला नाही. पण खुर्चीत बसला की त्याची बोटं तो बरोबर टाइप करत.

डबा उघडून, स्क्रीन जोडून पासवर्ड बदलता येतो, अर्ध्या तासाचं काम आहे, मी येऊन करते, असंही प्रमुखबाई म्हणाल्या होत्या. ते आईने मोडून काढलं होतं. त्यांच्या पाठीमागे कुलूप फोडायचं नाही.

“मग त्यांना सांगणार आहेस?” मुलीने विचारलं. “की बाबा, स्वतःला बाहेर काढा?”

“सांगणार नाही. तक्रार नोंदवणार आहे.” आईने वॉकर वळवला. “तक्रार आली आणि हा माणूस उठला नाही असं कधी झालेलं नाही.”

साडेदहा वाजले होते.

*

ती त्याच्या खोलीत गेली आणि लग्नाआधीच्या काचेच्या खोलीतल्या आवाजात म्हणाली की एका घरून तक्रार आहे. मुलगी दाराला टेकून उभी राहिली.

त्याने खुर्ची वळवली. चष्मा वर सरकवला. काय तक्रार आहे, किती दिवसांपासून, घरात कितीजण, हे सगळं त्याने विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं. तिने सांगितलं: घरात एक म्हातारा आहे. चांगला आहे. तो राउटरमध्ये शिरतो आणि सगळं बंद करतो. मग घरातल्यांना बाहेर कोणाशी बोलता येत नाही.

“त्याला समजावून सांगितलं का?”

“सांगितलं. तो विसरतो.”

“मग त्याच्यावर चिडू नका म्हणावं.” तो कीबोर्डकडे वळला आणि बोटांनी पासवर्ड टाइप केला. त्याला आपण काय टाइप केलं ते कळलंही नसावं. डबा उघडला. “घरात दुसरं कोणी जबाबदार आहे?”

“म्हाताऱ्याची बायको आहे.”

“तिला किल्ली देऊ. आधी उघडायची ओळ.” त्याने मुलीकडे हात पसरून तिचा जुना लॅपटॉप मागून घेतला, काही मिनिटं दोन्हींवर काम केलं आणि परत दिला. आता या लॅपटॉपवरून डब्यात शिरता येईल, तो बायकोजवळ ठेवायला सांगा. मग तो थोडा विचार करून म्हणाला की म्हाताऱ्याला नाकारलं की दर वेळी त्याची नोंदही होऊ द्या, वेळेसकट. नाहीतर तो किती वेळा येऊन परत गेला ते कोणालाच कळणार नाही.

टिपेची ओळ त्याने बोलत बोलत लिहिली.

# घरातील वृद्धास डब्यात प्रवेश नाही. बाकी सर्व मुभा तशीच ठेवावी. त्यास काही कमी केल्यासारखे वाटू नये.

“म्हाताऱ्याच्या संगणकाचा नंबर काय?”

घरातल्या प्रत्येक यंत्राला डब्याने दिलेला नंबर असतो. मुलीने तो तळहातावर लिहून ठेवला होता. तिने वाचायला सुरुवात केली, मधेच तळहात आईपुढे धरला, आणि पुढचा आकडा आईने सांगितला. शेवटी दोन.

त्याने सगळं टाइप केलं. दोन टाइप केला आणि हात कीबोर्डवरच राहिले.

“दोन नंबर माझा आहे,” तो म्हणाला.

तो पडद्याकडे बघत होता, मग तिच्या वॉकरकडे, मग वॉकर धरलेल्या तिच्या हातांकडे. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज थांबेपर्यंत तो थांबला.

“तू पडलीस तेव्हा टायमर नव्हता?”

“नव्हता.”

त्याने मान हलवली. जशी तो हाताखालच्या मुलांची चूक सापडल्यावर हलवायचा, रागाने नाही, चूक सापडली म्हणून. मग त्याने टायमर लावला. दहा मिनिटं. ओळ वरपासून खालपर्यंत एकदा वाचली आणि एंटर दाबलं. त्याचा पडदा तिथल्या तिथे थिजला. त्याने आणखी एक कळ दाबून खात्री केली, आणि जेवण झाल्यावर ताट सरकवावं तसा कीबोर्ड दोन्ही हातांनी पुढे सरकवला.

“आता ‘हो’ तुमच्याकडून म्हणायचं. मला इथून नाही म्हणता येणार.”

*

पहिलं मिनिट. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला. पडद्यावर एकच प्रश्न होता आणि त्यापुढे उड्या मारणारी एक छोटी रेघ.

तिसरं. तो त्यांच्या मागोमाग आला आणि आईशेजारच्या खुर्चीत बसला. मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी होती. ठमीने काही खाल्लंय का, असं त्याने विचारलं. आईने हो म्हणून सांगितलं.

चौथं, पाचवं. काही न करता बसून राहिलं तर सगळं पूर्ववत होणार होतं. तिने फक्त बसून राहायचं होतं, आणि बसून राहण्यात तिचा हात कोणी धरला नसता. त्याने एकदा नको म्हणावं, एवढीच ती वाट बघत होती. तो म्हणाला असता तर तिने लॅपटॉप मिटला असता, मुलीला काय वाटायचं ते वाटो.

सातवं. त्याने टेबलावरचा एक कण बोटाने टिपला.

आठवं संपताना तो तिच्याकडे वळला. त्याचा चेहरा मघासारखा राहिला नव्हता, मोकळा झाला होता.

“गिऱ्हाईक काय म्हणतंय?”

“वाट बघतंय.”

“मग म्हणून टाका हो. लोकांना ताटकळत ठेवू नये.”

तिने ‘हो’ टाइप केलं. तिला मराठीत करावं की कसं ते कळेना, म्हणून मुलीने येऊन योग्य ते अक्षर दाखवलं.

*

मुलगी गेली. जाताना नवा राउटर पिशवीत परत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून चार मिनिटांनी लॅपटॉपच्या पडद्यावर पहिली ओळ उमटली. वेळ, दोन नंबर, नाकारले. मग लगेच दुसरी. आतल्या खोलीत बोटं चालू होती आणि इथे, भाजीच्या ताटाशेजारी, ओळी पडत होत्या. त्या सकाळी एकतीस पडल्या. शेवटी तो दारात आला.

“डबा आज ऐकत नाही.”

“लाईन व्यस्त असेल,” ती म्हणाली. “थोड्या वेळाने करा.”

त्याचं समाधान झालं. रोज व्हायचं. तो आत जाऊन फोटो बघत बसे, बातम्या बघे, त्याला काही कमी केल्यासारखं वाटत नव्हतं. घराचं नेट एकदाही गेलं नाही. मुलगी रोज संध्याकाळी फोन करी आणि तो मध्ये तुटत नसे. आई वॉकर सोडून काठीवर आली. सगळं जसं ठरलं होतं तसं झालं.

रोज दहा वाजता ती लॅपटॉप उघडून यादी समोर ठेवी. पहिल्या महिन्यात वीसच्या खाली ओळी आल्या नाहीत. मग बारा. मग पुष्कळ दिवस सात-आठ. एकदा एकदम चाळीस आल्या, त्या दिवशी तिला काय करावं सुचेना, तिने शिंपीणबाईला बोलावून घेतलं आणि तिच्याशी उगाच काहीबाही बोलत बसली. मग चार. मग तीन, मध्ये बराच वेळ सोडून. मग काही दिवस रोज एकच, दहा वाजून गेल्यावर, जणू दारावरून जाता जाता कडी हलवून बघावी तशी.

एका बुधवारी अकरा वाजले तरी यादीत काही आलं नाही. साडेअकरा झाले. शेवटची ओळ कालची होती. तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. पावणेबाराला ती काठी घेऊन आत गेली.

तो खुर्चीत बसला होता, हात मांडीवर. पडदा चालू होता, नेहमीची काळी खिडकी उघडी होती, तिच्यात ती छोटी रेघ उड्या मारत होती. तो त्या रेघेकडे बघत होता, पाण्यातल्या माशाकडे बघावं तसा.

“अहो, आज डबा बघितला नाही?”

“कुठला डबा?” त्याने विचारलं.

ती त्याच्या मागे उभी राहिली. काठी टेबलाला टेकवली. त्याच्या खांद्यावरून वाकून तिने वरच्या बाणाची कळ दाबली, तशी त्याने काल लिहिलेली ओळ परत आली. हे ती त्याचं बघून बघून शिकली होती. मग तिने एंटर दाबलं. पडद्यावर नकार आला. त्याने फक्त तिचा हात नीट पोचावा म्हणून मान थोडी बाजूला केली.

ती स्वयंपाकघरात परत आली आणि बसली. यादीत एक ओळ पडली होती. बुधवार, अकरा सत्तेचाळीस, दोन नंबर.